काजूची बाग आणि रानाचा शेजार

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग व सावंतवाडी, तसेच कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड व आजरा या तालुक्यांत काजू हे अनेक कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे मुख्य साधन आहे. हे उत्पन्न साधारणतः फेब्रुवारी ते मे या काळात हाती येते. नेमक्या याच दिवसांत डोंगरातील वहाळ आटतात, गवत वाळते आणि वन्यप्राणी पाण्याच्या व अन्नाच्या शोधात खाली उतरतात. वर्षभराची मिळकत आणि रानाची भूक अशी एकाच वेळी बागेत समोरासमोर येतात.

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाल्यावर कोकणातील वरकस जमिनीवर काजूची लागवड झपाट्याने वाढली. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या जातींच्या कलमांमुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षी पीक मिळू लागले. ओसाड डोंगर हिरवे झाले, ही या कार्यक्रमाची जमेची बाजू होय. तथापि, काही ठिकाणी जांभूळ, उंबर, करवंद, भेडा, किंजळ यांनी भरलेले मिश्र रान तोडून तेथे केवळ काजूच लावला गेला. तेथे वन्यप्राण्यांना वर्षभर आलटून-पालटून मिळणारी फळे नाहीशी झाली आणि उन्हाळ्यात काजूचे बोंड तेवढे समोर उरले.

कोणता प्राणी काय करतो?

सर्व प्राणी सारखेच नुकसान करतात, असा समज असल्यास उपाय चुकतो. वानर व माकडे कोवळे शेंडे व मोहोर मोडतात आणि अपक्व फळे तोडून टाकतात. उत्पन्नाला थेट फटका बसतो तो येथे. साळिंदर लहान कलमांच्या बुंध्याची साल व मुळे कुरतडते. गवा कोवळी कलमे मोडतो. रानडुक्कर जमीन उकरते व झाडाखाली कुजणाऱ्या बोंडांकडे ओढले जाते. २००२ साली कर्नाटकातून सिंधुदुर्गात आलेल्या हत्तींचा मुख्य रोख केळी, माड, पोफळी व फणस यांवर असतो. मात्र वाटेत सापडलेली काजूची झाडेही मोडतात.

याउलट, वटवाघूळ व कांडेचोर यांना हवे असते ते रसाळ बोंड. काजूबीच्या टरफलात दाहक तेल असल्याने ते बी टाकून देतात. केरळमध्ये वटवाघळांच्या झाडांखाली पडलेल्या काजूबिया गावकरी गोळा करतात, ही नोंद झालेली गोष्ट आहे. काजूच्या मोहोरात नरफुले पुष्कळ व द्विलिंगी फुले थोडी असतात. त्यांचे परागीभवन मुख्यतः मधमाश्या व इतर कीटक करतात. पाने शिवून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या चावतात खऱ्या, पण मोहोर सुकविणाऱ्या ढेकण्या या किडीला त्या आवर घालतात. म्हणून मोहोराच्या काळात सरसकट फवारणी करणे म्हणजे शत्रूबरोबर मित्रालाही मारणे होय.

करण्यासारख्या गोष्टी

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. पिकून पडलेली फळे रोजच्या रोज वेचून बी वेगळी करावी व बोंडे झाडाखाली न ठेवता खतासाठी खड्ड्यात पुरावी. त्यामुळे रानडुकरांचे आकर्षण कमी होते आणि बी काळी पडत नाही. पहिली दोन-तीन वर्षे प्रत्येक कलमाच्या बुंध्याभोवती तारेची जाळी बसवावी व तिचा तळ मातीत गाडावा. जांभ्या दगडाचा गडगा जेथे आहे तेथे तो दुरुस्त ठेवावा. सौर कुंपण करावयाचे असल्यास त्यावर येणाऱ्या फांद्या व वेली वेळच्या वेळी छाटाव्यात, अन्यथा माकडांना तोच पूल होतो. हत्तींचा वावर असलेल्या गावांत पिकलेले फणस झाडावर वा घराजवळ राहू देऊ नयेत.

वहाळाच्या दोन्ही काठांवरील रान व बांधावरची जांभूळ, उंबर, वड यांसारखी झाडे राखावीत. ढोली असलेले जुने झाड लाकूड म्हणून फारसे मोलाचे नसले, तरी धनेशासारख्या पक्ष्याला दुसरे घर नसते. काजूच्या हंगामातच धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन पिलू वाढविते; त्या दिवसांत झाड पडले तर मादी व पिलू दोन्ही जातात.

कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे, फासे लावणे वा स्फोटकांचे गोळे ठेवणे हे प्रकार बेकायदेशीर आहेत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचा भंग तर त्यात होतोच. शिवाय अशा तारेला रात्री राखणीस गेलेला शेजारी किंवा चुकलेले गुरूही बळी पडते. हत्ती, गवा, रानडुक्कर आदींनी केलेल्या नुकसानीबद्दल शासनाच्या नियमांनुसार भरपाई मिळू शकते. त्यासाठी वनरक्षकास विनाविलंब कळवावे, मोडलेली झाडे पंचनाम्यापर्यंत हलवू नयेत आणि सातबारावर फळझाडांची नोंद आधीच करून घ्यावी. नोंद नसल्याने खऱ्या नुकसानीचाही दावा अडकतो. तलाठी व ग्रामसेवकांनी या कामी बागायतदारांना हंगामापूर्वीच मार्गदर्शन करणे इष्ट ठरेल.

एकट्याने माकडे हाकलली की ती शेजाऱ्याच्या बागेत जातात. तेथून पुन्हा परततात. म्हणून राखणीच्या पाळ्या वाडीने मिळून ठरवाव्यात. डोंगरावरील पाणवठ्यांतील गाळ जानेवारीपूर्वी काढणे व गायरानात फळझाडे लावणे ही कामे ग्रामपंचायतीने हाती घ्यावीत. शाळांनी विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या फळझाडांची यादी करून घेतल्यास त्या कामाला आधार मिळेल. रानात खायला काही उरले, तर बागेवरचा भार हलका होतो. आणि डोंगरमाथ्याचे रान टिकले, तरच खालच्या विहिरीला एप्रिलमध्ये पाणी राहते. काजू बागायतदाराला या दोन्ही गोष्टींची सारखीच गरज आहे.