कार्तिकी की आर्या? लिटल चॅम्प्सचा वाद अजून का मिटत नाही

चार मराठी माणसं जमली आणि विषय गाण्यावर गेला की कुणीतरी काडी टाकतंच, "खरं तर आर्यानंच जिंकायला हवं होतं." लगेच दुसरं कुणी कार्तिकीची बाजू घेतं आणि चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. बेळगाव, मडगाव, इंदूर, बडोदा, केबलवर 'झी मराठी' दिसत होतं तिथे सगळीकडे हीच कथा. 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स'चं ते पर्व २००८ मध्ये सुरू झालं, फेब्रुवारी २००९ मध्ये संपलं. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन हे चौघं तिच्यासोबत अंतिम फेरीत होते.

वाद मिटत नाही, कारण दोघं भांडणारे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एकाला 'चांगलं कोण गायलं' हे सांगायचं असतं, दुसऱ्याला 'आपलं कोण वाटलं' हे. कार्यक्रमातही या दोन गोष्टी वेगळ्याच होत्या. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुण द्यायचे ते स्वरांत, म्हणजे 'ध', 'नी' किंवा थेट 'वरचा सा'. ते त्या दिवशीच्या गाण्याचं माप. प्रेक्षकांच्या एसएमएसचं माप निराळं. लोक आवडीला मत देतात, गावाला देतात, त्या पोराच्या घरच्या परिस्थितीलाही देतात.

हे फक्त मराठीतच होतं असं नाही. २००७ च्या 'इंडियन आयडल'मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर आले, तेव्हा दोन्हीकडे मतांसाठी वर्गण्या गोळा झाल्या. आपल्याकडे कुणी वाहिनीवर पहिल्यांदाच दिसतंय म्हटल्यावर माणूस सुरांचा हिशेब बाजूला ठेवतो. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

पाच जण, पाच आवाज

आता माझं मत. निव्वळ सुरांबद्दल बोलायचं तर आर्या. भावगीत गाताना ती शब्द सोडायची घाई करायची नाही, सूर लागला की तो तिथे थांबायचा. त्या वयात असा ठहराव शिकवून येत नाही. प्रथमेश अभंग आणि नाट्यगीतात रमायचा, तान सरळ यायची, पण हलकं गाणं आलं की जरा अवघडायचा. कार्यक्रमात त्याला 'मोदक' म्हणायचे ते उगाच नाही, गाणंही तसंच साजूक. रोहितकडे जोर होता आणि रंगमंचाची भीती अजिबात नव्हती. मुग्धा सगळ्यात लहान. तिच्या गाण्याला आपण गुण द्यायचो की तिच्या गोडव्याला, हे कुणीच प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही!

मग कार्तिकी का जिंकली? माझ्या मते ती त्या पाचांत सगळ्यात कमी नक्कल करत होती. बाकीच्या चौघांच्या गाण्यात मूळ गायकाची सावली दिसायची. लतादीदी, आशाताई, भीमसेनजी, ज्याचं गाणं त्याची सावली. लहान मुलांत ते साहजिकच आहे. कार्तिकी गवळण किंवा लोकगीत घ्यायची तेव्हा मात्र ती कॅसेट ऐकून गातेय असं वाटत नव्हतं. वडील कल्याणजी गायकवाड तिचे गुरू आणि गाव आळंदी, त्यामुळे ते गाणं घरातच होतं. आवाज खडा, थोडा बोचराही. पण तो तिचाच होता, आणि टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधूनही ते ऐकणाऱ्याला कळत होतं. म्हणून, सुरात आर्या पुढे होती असं मानूनही, निकाल चुकला असं मला वाटत नाही.

नक्कल करणारं मूल म्हणजे कमी दर्जाचं, असं मात्र समजू नका. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या रेकॉर्ड हुबेहूब गाऊन दाखवायचे आणि त्यासाठीच गाजले होते. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे त्यांची वर्षानुवर्षं तालीम झाली. देवासला राहून जे गाणं त्यांनी उभं केलं, ते कुणाच्याच रेकॉर्डमध्ये नव्हतं. लहानपणीची नक्कल ही कानाची परीक्षा असते. गळ्याची परीक्षा नंतर होते.

मुलांच्या बाबतीत तर ती फार क्रूर होते. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा स्वरयंत्राचा आकार वाढतो, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. ज्या पट्टीत टाळ्या मिळाल्या, ती पट्टीच राहत नाही. मुलींचा आवाजही बदलतो, पण इतका नाही. त्यामुळे रोहित २०१९-२० च्या 'इंडियन आयडल'मध्ये मोठा होऊन परत आला आणि उपविजेता ठरला, याचं मला जास्त कौतुक वाटतं. मधल्या काळात त्याला गळा पहिल्यापासून बसवावा लागला असणार. २०२१ मध्ये हे पाचही जण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले, म्हणजे एकही गळा वाया गेला नाही.

घरात ऐकताना

पुढच्या वेळी स्पर्धा बघताना एक करून बघा. एखादं गाणं पडद्याकडे पाठ करून ऐका. घरचे रडताना दिसत नाहीत, दिव्यांचा झगमगाट नाही, परीक्षक उभे राहिलेले कळत नाहीत. मग खालच्या सुरांकडे लक्ष द्या. वरचा सूर जोर लावून मारता येतो, खालचा सूर लपवता येत नाही. अंतरा संपवून स्पर्धक मुखड्यावर परत येतो तेव्हा श्वास पुरतोय का, तेही बघा. हरकती मोजू नका, त्या पाठ करता येतात.

आणि घरातलं मूल ऑडिशनला जाणार असेल, तर त्याला सगळ्यात अवघड गाणं देऊ नका. आपल्याकडे पालकांची पहिली धाव नाट्यगीताकडे असते, तेही तानांनी भरलेल्या. त्यापेक्षा आजीकडून ऐकलेली ओवी असेल, गावच्या भजनात रोज म्हटला जाणारा अभंग असेल, फोंड्याकडच्या देवळातली आरती असेल, ते आधी गाऊन घ्या. पट्टी मुलाच्या गळ्याला लावा, मूळ रेकॉर्डच्या नाही. पेटी हाताशी असेल तर अर्धा-अर्धा सूर खाली घेत बघा, ज्या जागी चेहरा ताणायचा थांबतो ती त्याची पट्टी.