चार शीटांचा संसार

आमच्या कन्येने आर्किटेक्ट व्हायचे ठरवले, त्या दिवसापासून बेलापूरच्या आमच्या घरात माणसांना बसायला जागा उरलेली नाही. जिकडे तिकडे पुठ्ठे आणि कागदांच्या गुंडाळ्या! यंदा तिने विषय घेतला तो जवळचाच : चार्ल्स कोरिया यांचे आर्टिस्ट्स व्हिलेज. १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिलेली ही वसाहत. एका अंगणाभोवती सात घरे, अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांचा चौक. आणि कुणाची भिंत कुणाच्या भिंतीला लागून नाही. उद्या खोली वाढवायची तर शेजाऱ्याशी भांडण नको!

चित्रे तिने संगणकावर सुरेख केली होती. त्यातली उन्हातली कौले पाहून मला आजोळ आठवले. पण चित्रे झाली म्हणजे शीट झाले, हा माझा समज खोटा निघाला. चित्रे, नकाशे, मथळे, टिपा हे सारे एका ए-वन कागदावर मांडायचे कशात?

तिचा हात बसलेला फोटोशॉपवर, म्हणून सारे त्यातच. आता थोडे गणित पाहा. ए-वन कागद ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा. इंचाला ३०० ठिपके धरले तर एका शीटचे सुमारे सात कोटी ठिपके. कागदभर पसरलेला एकच रंगीत थर २०० मेगाबाइट मागतो, आणि हिचे थर तर चाळीस. शनिवारी रात्री अकराला आमच्या जुन्या लॅपटॉपने मान टाकली. शीटे लावायची सोमवारी. पोरगी रडकुंडीला आली. "अहो, तुम्ही काही करा ना!" सौ. म्हणाली. मी केशवसुत शिकवणारा माणूस. मी काय करणार?

वाट दाखवली तिच्या मैत्रिणीने. चित्र फोटोशॉपमध्ये करावे, शीट मात्र इनडिझाइनमध्ये मांडावे. तिथे चित्र आत कोंबले जात नाही, त्याचा नुसता पत्ता ठेवला जातो. मूळ चित्र बदलले की पत्ता ताजा करायचा, शीटवर नवे चित्र हजर! चारही शीटांच्या समासांना एकच मूळ पान पुरते. अक्षरे रेषांचीच राहतात, त्यामुळे छपाईत त्यांचे काठ कुरतडल्यासारखे दिसत नाहीत. भाडे मात्र भरत राहावे लागते. स्क्रायबस फुकट मिळते आणि यातले पुष्कळसे करते. घाई नसती तर मास्तरच्या खिशाला तेच शोभले असते. पण इनडिझाइनची तिला थोडी ओळख होती.

मग माझा हट्ट आडवा आला : पहिल्या शीटवर मथळा मराठीत हवा. तिने 'विस्तारणारे घर' टाइप केले. वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसली आणि 'स्ता'चे दोन तुकडे झाले.

"बाबा, इंग्रजीच ठेवते हं."

"ठेवून बघ!" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच माझा.

पहाटे दोनला उलगडा झाला. नेहमीचा कंपोझर रोमन लिपीच्या बेताने ओळ जुळवतो. परिच्छेदाच्या यादीतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडावा लागतो. तो निवडला, 'मुक्ता' हा युनिकोड फाँट लावला, आणि जोडाक्षर जुळले. बापलेकींनी मग चहा केला.

रविवारी छपाईच्या दुकानात लक्षात आले, नकाशावर उत्तर दिशेचा बाणच राहिला आहे. कन्येने लॅपटॉप तिथल्याच बाकावर उघडला, पाच मिनिटांत बाण बसवला आणि नवी पीडीएफ दिली. सोमवारी शीटे भिंतीवर लागली. मार्क अजून यायचे आहेत. गुंडाळ्या माझ्या कॉटखाली आहेत.