एक अतारांकित प्रश्न

१० ऑगस्ट २०२१. पावसाळी अधिवेशन दुसऱ्या दिवशी गुंडाळलं जाणार होतं. पेगॅसस हेरगिरीच्या आरोपांवरच्या गदारोळात दोन्ही सभागृहं वारंवार तहकूब होत होती. त्या गोंधळात राज्यसभेच्या पटलावर एक लेखी उत्तर आलं. प्रश्न विचारणारे महाराष्ट्रातून गेलेले काँग्रेसचे खासदार, संपादक कुमार केतकर. उत्तर देणाऱ्या दिंडोरीच्या खासदार डॉ. भारती पवार, जेमतेम महिन्याभरापूर्वी आरोग्य राज्यमंत्री झालेल्या. दिल्लीतला सवाल-जवाब, पण दोन्ही टोकांना महाराष्ट्र.

केतकरांनी विचारलं होतं, कोविड लसीच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो छापणं आवश्यक आणि बंधनकारक आहे का? असेल तर का, आणि ते कोणी ठरवलं? पोलिओ, देवीच्या लसींच्या वेळी कुठल्या सरकारनं असं केलं होतं का? उत्तराचा सारांश असा: लस घेतल्यावरही लोकांनी काळजी घ्यावी, ही जागृती फोटोसह दिलेल्या संदेशामुळे ठसते आणि ते व्यापक जनहिताचं आहे. प्रमाणपत्राचा नमुना जागतिक आरोग्य संघटनेच्या बदलत्या मार्गदर्शक सूचनांना धरून आहे. पोलिओ आणि देवीच्या मुद्द्याला थेट उत्तर नव्हतं.

मग केतकरांनी उभं राहून पुन्हा का विचारलं नाही? कारण प्रश्न अतारांकित होता. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. मंत्र्याची खरी परीक्षा होते ती तिथे. राज्यसभेत दिवसाला असे १५ प्रश्न असतात. उरलेले १६० अतारांकित, त्यांची छापील उत्तरं पटलावर ठेवली की विषय संपला. उत्तर अर्धवट असलं तरी खासदाराला पुढच्या अधिवेशनात नव्यानं नोटीस देण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. मंत्र्यानं 'माहिती गोळा करत आहोत' असं म्हटलं तर ते आश्वासन ठरतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याच्या मागे लागू शकते. ठाम पण आडवळणाच्या उत्तराला ही समितीही काही करू शकत नाही.

पण माझ्या मते मूळ अडचण तारा असण्या-नसण्याची नव्हतीच. संसदेच्या हातात धरायला लस-प्रमाणपत्राच्या योजनेचा एकही कागद नव्हता. कायद्याखाली सरकार नियम करतं तेव्हा ते साधारणपणे ३० दिवस दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. खासदार त्यात दुरुस्ती सुचवू शकतात, ते रद्दही करायला लावू शकतात, आणि अधीनस्थ विधान समिती ते तपासते. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं ते कोविन पोर्टल आणि आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांवर. प्रमाणपत्रावर काय छापायचं, त्यातली माहिती कोण पाहणार, किती काळ ठेवणार, ते कोण मागू शकतं, यासाठी ना वेगळा कायदा झाला, ना नियम. जे पटलावर आलंच नाही, ते तपासणार कसं?

गंमत म्हणजे ब्रिटिशांनी १८८० साली देवीच्या लसीचा कायदा केला, तेव्हा सर सय्यद अहमद खान यांनी त्याचं विधेयक व्हाइसरॉयच्या कौन्सिलात रीतसर मांडलं होतं. दाखला कधी आणि कसा द्यायचा हे त्या कायद्यातच लिहिलेलं होतं. ते कौन्सिल काही लोकांनी निवडलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं कौतुक फार ताणायला नको. तरी कागद तेवढा होता.

संसदीय समित्या अगदीच गप्प नव्हत्या. रामगोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखालच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं साथीवर अहवाल दिले. लोकलेखा समितीत मात्र जून २०२१मध्ये लसधोरणाचा विषय घ्यायचा की नाही यावरच सत्ताधारी आणि विरोधक भांडले.

आणि विरोधकांचंही सांगायला हवं. फोटो हा सोपा विषय होता. तृणमूलच्या तक्रारीवरून निवडणूक आयोगानं मार्च २०२१मध्ये निवडणुका असलेल्या राज्यांत तो काढायला लावला. लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत, २०२४ साली, तो पुन्हा गेला. मधल्या काळात छत्तीसगड, झारखंड आणि पश्चिम बंगालनं १८ ते ४४ वयोगटाच्या प्रमाणपत्रांवर आपापल्या मुख्यमंत्र्यांचे फोटो छापून टाकले. म्हणजे तक्रार फोटोची होती की फक्त चेहऱ्याची, असा प्रश्न पडतो.

कठीण प्रश्न निराळाच होता: हा कागद दारावर अडवायला वापरता येतो का? १५ ऑगस्ट २०२१पासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांना दोन डोस असतील तरच मिळू लागली. दिल्ली सरकारनं ऑक्टोबरात एकही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयाबाहेर ठेवून रजेवर धरायचं ठरवलं. २२ डिसेंबरला हरियाणाचे आरोग्यमंत्री अनिल विज यांनी विधानसभेत जाहीर केलं, की १ जानेवारीपासून दोन्ही डोस नसलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाही. गुरुग्राम-फरिदाबादचे मॉल आणि हॉटेलं त्यातच आली. पण सभागृहात मंत्र्यानं केलेली घोषणा म्हणजे सभागृहानं मंजूर केलेला नियम नव्हे. त्याच जानेवारीत केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की प्रमाणपत्र बाळगणं बंधनकारक करणारी कुठलीही कार्यपद्धती आम्ही काढलेली नाही. केंद्राच्या मते सगळं ऐच्छिक, दारावरच्या रखवालदाराच्या मते सक्तीचं.

हा गुंता सुटला तो न्यायालयात. २ मे २०२२ला न्या. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठानं लसधोरण मनमानी नसल्याचं म्हटलं. पण कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, आणि समोर आलेल्या माहितीवरून लस न घेतलेल्यांवरची बंधनं प्रमाणाबाहेरची आहेत, असाही निर्वाळा दिला. तोवर साथ ओसरली होती.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. जून २०२१मध्ये तिथल्या संसदेच्या सार्वजनिक प्रशासन समितीनं कोविड प्रमाणपत्राचं समर्थन होत नाही, असा अहवाल दिला. सरकारनं तो मनावर घेतला नाही आणि डिसेंबरात इंग्लंडमधल्या नाइटक्लब आणि मोठ्या कार्यक्रमांसाठी पास आणला. पण तो नियम असल्यामुळे मतदान टळलं नाही: ३६९ विरुद्ध १२६, आणि विरोधात सत्ताधारी पक्षाचेच शंभराच्या घरातले खासदार. जानेवारी संपायच्या आत पास गेला. सरकार जिंकलं, तरी कोण कुठे उभं होतं याची नोंद राहिली.

आपल्याकडे जून २०२३मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून लस घेतलेल्यांची माहिती बाहेर येत असल्याच्या बातम्या आल्या. मंत्रालयानं त्या निराधार ठरवल्या. दोनच महिन्यांनी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याच्या सातव्या कलमात सरकारला अनुदान, सेवा, परवाना यांच्याबरोबरच प्रमाणपत्र देण्यासाठीही, काही अटींवर, नागरिकाची माहिती नव्यानं संमती न घेता वापरायची मुभा आहे. त्या अटी नियमांतून ठरतात. आणि हे नियम, ४१व्या कलमानुसार, दोन्ही सभागृहांच्या पटलावर ३० दिवस ठेवणं सरकारला भाग आहे.