अस्वल हललं नाही, काळीज धडधडलं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात संशोधकांनी काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके नोंदवणारी उपकरणं बसवली आणि त्यांच्यावरून ड्रोन उडवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अस्वलं क्वचितच जागची हलली. ठोके मात्र वाढले. एका अस्वलाचे तर मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले. प्राणी पळाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, हा समज इथे खोटा ठरतो.

अमेरिकेतल्या काही राज्यांत शिकारीसाठी ड्रोनने सावज हेरायला बंदी आहे; त्या नियमांमागे प्राण्याच्या त्रासापेक्षा वेगळं तत्त्व आहे. अमेरिकेत परवान्याने शिकार करता येते, पण प्राण्याला निसटण्याची खरी संधी मिळायला हवी, असा तिथल्या जाणत्या शिकाऱ्यांचा दंडक आहे. विमानातून गोळी घालणं किंवा प्राण्यांना पिटाळणं १९७१ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरलं. अलास्कात छोट्या विमानातून आलेल्या शिकाऱ्याला बहुतेक मोठ्या प्राण्यांसाठी दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात वरून दिसलेला कळप दूर जाऊ शकतो. ड्रोन मात्र सावजाची जागा त्याच क्षणी दाखवतो. शरीराची उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यापुढे अंधाराचा आडोसाही उरत नाही. म्हणूनच कोलोरॅडो आणि अलास्काने २०१४ मध्ये शिकारीसाठी ड्रोनच्या वापरावर बंदी घातली.

तंत्र तेच, हेतू बदलला की काम बदलतं. जर्मनीत गवत कापणीआधी, जमीन थंड असताना पहाटे थर्मल ड्रोन उडवतात. गवतात निपचित पडलेली हरणाची पाडसं उबदार ठिपक्यांसारखी दिसतात आणि यंत्राच्या पात्यांपासून वाचतात. स्थानिक शिकारीही या कामात असतात.

गणतीसाठी वा शोधासाठी ड्रोन उडवणाऱ्याने स्थानिक नियम आधी वाचावेत, उड्डाण लांबून सुरू करावं, प्राण्याच्या डोक्यावर घिरट्या घालू नयेत, पिल्लं असलेल्या मादीपासून दूर राहावं. प्राणी बिथरेपर्यंत जवळ जाऊन मग मागे फिरणं पुरेसं नाही. अस्वलांनी तेच दाखवलं.

भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्यप्राण्याला हाकणं येतं. व्हिडिओसाठी ड्रोनने कळप पळवणाऱ्याने आपल्या हातात बंदूक नाही, या समाधानात राहू नये.