वॅटांचा बडेजाव

ध्वनियंत्रांच्या दुकानात शिरणाऱ्या गृहस्थाचा पहिला सवाल बहुधा 'किती वॅटचे?' हाच असतो, आणि वॅट दुप्पट म्हणजे आवाजही दुप्पट ही समजूत सरकारी फर्मानाप्रमाणे बिनतक्रार मान्य झालेली आहे. वस्तुतः ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली असता आवाज अवघा ३ डेसिबेलने चढतो. तो कानाला दुप्पट भासावा यासाठी सुमारे १० डेसिबेलची वाढ, म्हणजे दसपट शक्ती, खर्ची पडते.

निर्णायक आकडा निराळाच असून तो स्पीकरच्या माहितीपत्रकात बारीक टाइपात दडलेला असतो. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज उमटतो, ही स्पीकरची संवेदनशीलता होय. पॉल क्लिप्श यांनी १९४६ च्या सुमारास विक्रीस आणलेल्या, खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाच्या भव्य क्लिप्शहॉर्नची संवेदनशीलता सुमारे १०५ डेसिबेल, तर बीबीसीने १९७० च्या दशकात सिद्ध केलेल्या चिमुकल्या एलएस३/५ए ची सुमारे ८३. म्हणजे तोच आवाज काढण्यास दुसऱ्याला पहिल्याच्या दीडशेपटीहून अधिक शक्ती हवी! बहुतेक घरगुती स्पीकर ८५ ते ९० च्या दरम्यान येतात, आणि ८८ डेसिबेलच्या जोडीला प्रत्येकी एकच वॅट मिळाला, तरी दिवाणखान्यात तीन मीटरांवर बसलेल्या श्रोत्याला सुमारे ८० डेसिबेल, अर्थात संभाषणाहून बराच मोठा, आवाज लाभतो.

मग अधिक वॅट निरर्थक का? तसेही नाही. तबल्याची एखादी थाप सरासरी पातळीच्या २० डेसिबेल वर उसळली, तर त्या क्षणापुरती शंभरपट शक्ती लागते, आणि अर्ध्या वॅटवर संथ चाललेली मैफल एकाएकी ५० वॅट मागू लागते. ही मागणी न पेलणारा ॲम्प्लिफायर ध्वनिलहरींची शिखरे छाटतो, त्यातून उपजणाऱ्या उच्च कंप्रतेच्या शक्तीने स्पीकरमधील उंच स्वर काढणारा नाजूक ट्वीटर जळू शकतो. तेव्हा लहान ॲम्प्लिफायर स्पीकरला सदैव निर्धोक, हाही भ्रमच. स्पीकरवर छापलेले वॅट त्याची सहनशक्ती सांगतात, गरज नव्हे.

खोक्यांवर मिरवणाऱ्या हजारो 'पीएमपीओ', म्हणजे क्षणिक शिखरशक्तीच्या, वॅटांना तर कोणतेही सर्वमान्य परिमाण नाही. अमेरिकेत अशाच फुगवट्याला आळा घालण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला. ग्राहकाने प्रत्येक चॅनेलचे, ८ ओहमवरील, सलग देता येणारे वॅट तेवढे विचारावेत; सामान्य खोलीत ८८ डेसिबेलच्या स्पीकरांस असे ५० पुष्कळ झाले, आणि उरलेली रक्कम उत्तम स्पीकरांवर खर्च करावी.