छात्राध्यापकांचे कृतिसंशोधन : एका अक्षराच्या निमित्ताने

कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ‘कृतिसंशोधन’ ही संकल्पना सामाजिक प्रश्नांच्या संदर्भात मांडली. स्टीफन कोरी यांच्या १९५३ मधील ग्रंथाने तिला शालेय व्यवहारात स्थान मिळवून दिले. शिक्षकाने स्वतःच्या अध्यापनातील अडचण स्वतःच पद्धतशीरपणे तपासावी, हा तिचा मथितार्थ होय. मुंबई विद्यापीठाच्या बी.एड. अभ्यासक्रमातून ही संकल्पना ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील छात्राध्यापकांपर्यंत पोहोचली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांचा शाळानुभव ठेविला, त्यामुळे अशा अभ्यासास अवसरही लाभला. परंतु अवसर लाभला म्हणजे संशोधन घडतेच असे नाही.

‘अशुद्धलेखनावरील उपाय’ हा नेहमीचा विषय घेऊ. पूर्वचाचणी घ्यावयाची, चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहवून घ्यावयाचे, त्याच शब्दांची उत्तरचाचणी घ्यावयाची आणि गुण वाढले म्हणून उपाय यशस्वी ठरवावयाचा, अशी रीत सहज पडू शकते. या रीतीत उपाय निष्फळ ठरण्यास जागाच नसते. म्हणून तीतून नवे ज्ञानही निष्पन्न होत नाही.

वस्तुतः चुका एकजातीय नसतात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक बहुतेक सर्व मुले करतात, कारण नित्याच्या बोलण्यात तो भेद फारसा ऐकू येत नाही. ‘वेळ’च्या जागी ‘वेल’ किंवा ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. या परिसरातील आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ व ‘ण’चा ‘न’ होतो. हिंदीभाषक घरातील मुलासही ‘ळ’ अपरिचित असतो. म्हणजे चूक एकच, परंतु तिची मुळे दोन. हिला निष्काळजीपणा म्हणणे हा निदानाचा दोष आहे. आणि निदान चुकले की उपायही चुकतो.

म्हणून छात्राध्यापकाने प्रथम वह्यांतील चुकांचे वर्गीकरण करावे आणि प्रश्न आकुंचित करावा : ‘ळ’ व ‘ल’ यांतील भेद मुलांस आधी ऐकावयास व उच्चारावयास शिकविला, तर लेखनातील चूक कमी होते काय? यासाठी ‘काळ-काल’, ‘वेळ-वेल’ अशा जोड्या उपयोगी पडतात. उत्तरचाचणीत न शिकविलेले शब्द असावेत व काही आठवड्यांनी ती पुन्हा घ्यावी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुद्दाम उपायाबाहेर ठेवून त्याही मोजाव्यात. दोन्ही प्रकारच्या चुका सारख्याच घटल्या, तर श्रेय उपायाला देता येणार नाही. चाचणीचा सराव किंवा वाढलेले लक्ष हेही कारण असू शकेल. केवळ ‘ळ’च्या चुका घटल्या, तर उपायाच्या बाजूने काही पुरावा मिळाला असे म्हणता येईल. दहा-बारा मुलांच्या अभ्यासात शेकडेवारीपेक्षा प्रत्येक मुलाच्या चुकांची नोंद अधिक बोलकी ठरते.

अशा अभ्यासाचा निष्कर्ष त्या वर्गापुरताच असतो, आणि त्यात कमीपणा नाही. मात्र मार्गदर्शकांनी निष्फळ ठरलेल्या उपायाच्या प्रामाणिक अहवालासही पूर्ण गुण द्यावयास हवेत. तसे न झाल्यास छात्राध्यापक यश लिहावयास शिकेल, तपासावयास नव्हे. आणि घरची बोली घेऊन आलेले मूल पुढेही निष्काळजीच ठरत राहील.