धानाच्या चिखलणीत ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल : निवड व बदल

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली आणि गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, देसाईगंज, चामोर्शी हा सर्व धानाचा पट्टा आहे. या भागात आता बरीचशी चिखलणी ट्रॅक्टरने होते. पऱ्हे तयार झाले आणि बांधीत पाणी साचले की रोवणी साधण्यासाठी मोजकेच दिवस हाती असतात. नेमके त्याच दिवसांत इंजिन जाम झाले तर पऱ्ह्याचे वय वाढते, ठरवलेले मजूर दुसरीकडे जातात आणि रोवणी लांबून उत्पन्न घटते. हा धोका टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे योग्य प्रतीचे ऑइल वेळेवर बदलणे होय.

चिखलणी ही इंजिनाची शर्यतच

मोटारींच्या शर्यतीत भाग घेणारे चमू इंजिनातील ऑइल फार लवकर, पुष्कळदा प्रत्येक शर्यतीनंतर बदलतात. शर्यतीत इंजिन सतत पूर्ण ताकदीने व जास्त फेऱ्यांवर चालते. त्यामुळे ऑइल तापते, पातळ होते आणि त्यातील संरक्षक घटक लवकर खर्ची पडतात. म्हणून शर्यतीत ऑइलचे आयुष्य महिन्यांवर मोजत नाहीत, ते इंजिनावर पडलेल्या ताणावर मोजतात.

चिखलणीतही असेच घडते. ट्रॅक्टर चालतो सावकाश, पण रोटाव्हेटर व केज व्हील ओढताना इंजिनावर तासन् तास पूर्ण भार असतो. त्यात रेडिएटरच्या जाळीवर चिखल व काडीकचरा बसला तर इंजिन अधिकच तापते. त्यामुळे ‘वर्षातून एकदा ऑइल बदलले की झाले’ हा समज चुकीचा आहे.

एक साधा हिशेब पाहा. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ऑइल बदलण्याचा अवधी सुमारे २५० तास असतो. काही नव्या ट्रॅक्टरमध्ये तो यापेक्षा जास्त असतो, त्यासाठी आपली पुस्तिका पाहावी. रोज १० तास भाड्याची चिखलणी केल्यास २५ दिवसांत २५० तास पूर्ण होतात. म्हणजे ऑइलचे संपूर्ण आयुष्य एकाच हंगामात संपते.

डब्यावरील अक्षरांचा अर्थ

१) एस.ए.ई. क्रमांक : हा ऑइलचा घट्टपणा दाखवतो. ‘१५ डब्ल्यू ४०’ यातील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा थंडीत इंजिन सुरू होतानाचा, तर शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानातील घट्टपणा सांगतो. १५ डब्ल्यू व २० डब्ल्यू यांच्या कसोट्या शून्याच्या बऱ्याच खालच्या थंडीसाठी आहेत. आपल्याकडे तशी थंडी पडत नाही. उलट उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून आपल्यासाठी शेवटचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. पुस्तिकेत ४० लिहिले असल्यास ३० वापरू नये.

२) ए.पी.आय. दर्जा : ‘एस’ने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनासाठी व ‘सी’ने सुरू होणारा डिझेल इंजिनासाठी असतो. सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४ असा हा चढता क्रम आहे. मोटारसायकलचे २० डब्ल्यू ४० ऑइल केवळ आकडा जुळतो म्हणून ट्रॅक्टरमध्ये टाकू नये. डिझेलची काजळी धरून ठेवण्याची क्षमता त्यात पुरेशी नसते.

जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक निकष लागू झाले आहेत. अशा ट्रॅक्टरमध्ये पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल घालावे. महाग असले म्हणून शर्यतीचे ऑइल ट्रॅक्टरला चांगले, असेही नाही. ते थोड्या काळाच्या वापरासाठी बनवलेले असते.

ऑइल खराब झाले हे कसे ओळखावे?

डिझेल इंजिनातील ऑइल थोड्याच तासांत काळे होते. केवळ रंगावरून ते खराब ठरवू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मात्र पुढील लक्षणे दिसताच इंजिन बंद करून मेकॅनिकला दाखवावे.

• ऑइल दुधाळ होणे : आत पाणी गेले आहे.
• पातळी आपोआप वाढणे व डिझेलचा वास येणे : ऑइलमध्ये डिझेल मिसळत आहे.
• ऑइलदाबाचा दिवा न विझणे : या स्थितीत एक तासही काम करू नये.

बदलण्याची पद्धत

१) ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन ५ ते १० मिनिटे चालवावे व बंद करावे. कोमट ऑइलबरोबर गाळही निघून जातो.
२) खालचा बोल्ट काढून ऑइल भांड्यात पूर्ण निथळू द्यावे.
३) फिल्टर प्रत्येक वेळी बदलावा. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला ऑइलचे बोट लावून तो हातानेच घट्ट करावा.
४) बोल्ट बसवून नवे ऑइल पट्टीवरील वरच्या खुणेपर्यंत भरावे, त्याहून जास्त नको. जास्त ऑइल घुसळले जाऊन त्याला फेस येतो व वंगण नीट होत नाही.
५) इंजिन कमी वेगावर दोन मिनिटे चालवून गळती पाहावी. बंद केल्यावर १० मिनिटांनी पातळी पुन्हा तपासावी.

एअर क्लिनरमध्ये ऑइलची वाटी असल्यास तीही स्वच्छ करून पुन्हा भरावी. उन्हाळी नांगरटीतील धूळ इंजिनात गेली तर चांगले ऑइलही निकामी ठरते.

केव्हा बदलावे?

मृगापूर्वी तासांची नोंद पाहावी. चिखलणीच्या मध्येच अवधी संपणार असेल तर ऑइल आधीच बदलावे. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर बराच काळ उभा राहणार असेल तर जुने ऑइल तसेच ठेवू नये. त्यातील आम्ल व ओलावा बेअरिंगला खातो. तासमापक बंद असल्यास वहीत रोजचे तास लिहावेत.

दुर्गम भागातील शेतकऱ्यांनी एक बदल पुरेल इतके ऑइल व एक फिल्टर पावसाळ्यापूर्वीच घरी आणून ठेवावा. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण अनेक पावसाळ्यांत वाचल्या आहेत. त्या वेळी दुकान गाठता येत नाही. सुटे ऑइल घेऊ नये. सीलबंद डबा पावतीसह घ्यावा व रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यात कोणी बनावट ऑइल भरणार नाही.

काढलेले ऑइल बांधीत, नाल्यात किंवा मालगुजारी तलावाच्या काठी ओतू नये. पाण्यावर त्याचा तवंग पसरतो आणि मासे व धान दोघांनाही अपाय होतो. ते डब्यात साठवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडे द्यावे.

ऑइलचा एक बदल म्हणजे सामान्यतः सहा ते आठ लिटर ऑइल व एक फिल्टर. इंजिन उघडण्याचा खर्च आणि हातची गेलेली रोवणी यांच्यापुढे हा खर्च नगण्य आहे. तेव्हा शेतकरी बंधूंनो, महिने मोजू नका, तास मोजा आणि रोवणीला निर्धास्तपणे लागा.